एटीव्ही सेल्फ घेत नाही, प्लगला करंट नाही: दोष शोधायचा कसा?

किनाऱ्यावरची एटीव्ही, म्हणजे वाळूत पळणारी जाड टायरांची छोटी चारचाकी, बंद पडली की दोन गोष्टी ठरलेल्या. बॅटरी पार बसेपर्यंत सेल्फचं बटण दाबलं जातं, आणि बाजूला उभा असलेला कुणीतरी म्हणतो, "सीडीआय गेला असणार." मग सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, मागवतात. तो लावूनही गाडी ढिम्म. मग कॉईल येते, नवा प्लग येतो, आणि शेवटी हँडलवरच्या किल स्विचमध्ये, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणात, चमचाभर ओली वाळू सापडते.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो. या गाड्यांमध्ये सीडीआय जातो, पण फार क्वचित. बहुतेक वेळा दोष असतो तो स्विचमध्ये, कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीत), बॉडी अर्थमध्ये (बॅटरीची निगेटिव्ह बाजू चासीला जोडणाऱ्या वायरीत) नाहीतर बॅटरीच्या टर्मिनलवर. या चारही ठिकाणी पार्ट मागवावा लागत नाही, नीट बघावं लागतं. म्हणून खालचा सगळा क्रम 'आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, शेवटी महागाचं' असा लावला आहे.

हा लेख मुख्यतः ११० ते १२५ सीसीच्या साध्या कार्ब्युरेटरवाल्या एटीव्हीसाठी आहे. नागाव, काशीद, तारकर्लीच्या वाळूत आणि लोणावळा-पाचगणीकडच्या ॲडव्हेंचर पार्कात ज्या फिरताना दिसतात, त्यातल्या बऱ्याच याच जातीच्या. इंजिन आडव्या सिलिंडरचं, होंडा कबच्या वंशातलं. स्प्लेंडर उघडणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला ते अनोळखी वाटणार नाही. इंजेक्शनच्या मोठ्या गाड्यांबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

हाताशी काय हवं

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, ज्यावर डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट आणि ओहम तिन्ही दिसतात. दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प. १६ मि.मी.चा प्लग पाना, फिलर गेज, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, इन्सुलेशन टेप. जमलं तर स्पार्क टेस्टर घ्या. फारसा महाग नाही आणि पुढचा बराच गोंधळ वाचवतो.

टेस्ट लॅम्पला कमी लेखू नका. गंजलेल्या वायरीचा एकच तंतू शिल्लक असेल तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. बल्ब करंट ओढतो. वायर पोकळ झाली असेल तर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. खाऱ्या हवेतल्या गाडीवर काम करताना आधी बल्ब, मग मीटर.

सुरुवात करण्याआधी गाडीची मागची चाकं जमिनीपासून वर उचला आणि स्टँडवर पक्की टेकवा. लहान मॉडेलांपैकी कित्येकांना न्यूट्रलच नसतो, आणि तपासणी चालू असताना इंजिन एकदम चालू झालं तर गाडी सरळ अंगावर येते. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरी चार्जिंगला असेल तर जवळ ठिणगी नको, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आधी तक्रार नीट ऐका

"चालू होत नाही" हे एकच वाक्य पाच-सहा वेगवेगळ्या आजारांसाठी वापरलं जातं. बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते बघा.

चावी फिरवल्यावर एकही दिवा लागत नसेल तर बघायच्या जागा तीनच: मेन फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल आणि चावीचा स्विच. दिवे लागतात, पण बटण दाबल्यावर आवाज अजिबात नाही, तर सेल्फची कंट्रोल लाइन तुटली आहे. नुसता टकटक टकटक आवाज येत असेल तर बॅटरी बसली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकदाच खणखणीत 'टक' होऊन सगळं गप्प झालं तर स्टार्टर रिलेचे (बटणाच्या इशाऱ्यावर सेल्फ मोटरला मोठा करंट देणाऱ्या स्विचचे) आतले पॉइंट, सेल्फ मोटरचे कार्बन ब्रश नाहीतर जाम झालेलं इंजिन. मोटर गरगर फिरते पण इंजिन जागचं हलत नाही, तर दोष वन-वे क्लचमध्ये किंवा सेल्फच्या चेनमध्ये आहे. त्याला वायरिंगमध्ये शोधू नका.

आणि इंजिन व्यवस्थित फिरतंय पण पकडत नाही, तर प्रश्न करंटचा, पेट्रोलचा किंवा कॉम्प्रेशनचा. तो वेगळा धागा आहे, त्याला वेगळं हाताळू.

सेल्फची लाइन

बऱ्याच एटीव्हींना ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. करंटचा रस्ता साधारण असा असतो: बॅटरी, मेन फ्यूज, चावी, ब्रेक लिव्हरचा स्विच, स्टार्ट बटण, स्टार्टर रिले. गियरवाल्या गाडीत मध्ये न्यूट्रल स्विचही येतो.

यातली सोय अशी की अर्धी तपासणी मागचा लाल दिवाच करून देतो. ब्रेक लिव्हर दाबा. मागचा दिवा लागला, तर फ्यूज, चावी आणि ब्रेक स्विच तिघेही ठीक आहेत. दोष बटणापासून पुढे. दिवा लागलाच नाही आणि बल्ब चांगला आहे, तर लिव्हरखालचा छोटा स्विच बघा. वाळूने त्याची पिन आत अडकून बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन दहा-वीस वेळा आतबाहेर केली की बहुतेकदा जिवंत होते.

दिवा लागतोय पण रिले गप्प आहे, तर रिलेच्या बारीक वायरींच्या कपलरला टेस्ट लॅम्प लावा. लॅम्पचं दुसरं टोक बॉडीला टेकवून ब्रेक आणि बटण एकत्र दाबा. लॅम्प झगझगीत पेटला तर करंट रिलेपर्यंत येतोय. रिलेची दुसरी बारीक वायर अर्थला नीट जातेय का ते तपासा, तीही बरोबर असेल तर रिले गेला. लॅम्प पेटला नाही तर बटण उघडा. आतल्या पितळी पट्टीवर हिरवा थर दिसला की समजून जा.

रिलेच्या दोन जाड बोल्टांवर पाना टेकवून सेल्फ मारायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. कळतं त्यातून एवढंच की मोटर फिरते की नाही. पण मोठी ठिणगी उडते, टाकी आणि कार्ब्युरेटर तिथून फार लांब नसतात. करायचंच असेल तर गाडी उघड्यावर, पेट्रोल कुठे गळत नसताना, आणि चाकं वर असताना.

फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपियरचा नवा लावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे महाभाग आजही आहेत. त्यात फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला घासली आहे. हँडलच्या मानेजवळ आणि सीटखाली बघा, या दोन ठिकाणी हार्नेस (वायरींचा जुडगा) सर्वांत जास्त घासला जातो.

बॅटरी: नुसती १२ व्होल्ट दिसली म्हणजे झालं नाही

गाडी काही तास उभी असताना चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२.० म्हणजे जवळपास रिकामी, जरी तिच्यावर '१२ व्होल्ट' छापलेलं असलं तरी.

खरी परीक्षा भार देताना होते. मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर ठेवून सेल्फ मारा. आकडा १० च्या आसपास किंवा वर राहिला तर ठीक. साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा. पूर्ण चार्ज होऊनही तसंच झालं तर ती बदलायची.

आता एक तपासणी अशी, जी फार कमी जण करतात आणि जिने डोक्याचा सगळ्यात जास्त ताप वाचतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, वायरीच्या टोकावर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत असायला हवा. समजा १.५ दिसला, तर तेवढे व्होल्ट अर्थच्या वायरीतच खर्ची पडताहेत आणि सेल्फपर्यंत पोचत नाहीत. अर्थचा बोल्ट सोडा, चासीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा करा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घासा, पुन्हा आवळा. हीच चाचणी पॉझिटिव्ह खांब ते सेल्फ मोटरचा बोल्ट अशी करा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, जास्त असेल तर जाड वायर किंवा रिलेचे पॉइंट खराब.

या गाड्यांची बॅटरी लहान असते, बहुतेकदा ४-५ अँपियर-अवरची. ती गाड्यांच्या मोठ्या चार्जरवर लावू नका. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवायचा, म्हणजे अर्ध्या अँपियरच्या आतबाहेर.

किनाऱ्यावर धंदा करणाऱ्यांच्या बॅटऱ्या लवकर जातात त्याचं कारण बॅटरीत नसतंच. पाच मिनिटांची फेरी, गाडी बंद, पुन्हा सेल्फ, पुन्हा पाच मिनिटं. एका सेल्फला जेवढं खर्च होतं तेवढं त्या फेरीत भरून निघत नाही, कारण मंद आयडलवर या मॅग्नेटोतून (इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागातून) चार्जिंग जेमतेमच होतं. दिवसभर हेच चाललं की संध्याकाळी बॅटरी अर्धी असते, आणि लेड-ॲसिड बॅटरी अर्धी चार्ज राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. रोज रात्री लहान चार्जरवर लावणे हा एकच उपाय आहे. नवीन बॅटरी घेणं हा उपाय नाही, ती फक्त पुढची बळी.

इंजिन फिरतं, पण पकडत नाही

प्लग काढा. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी शंकास्पद. ठाक कोरडं असेल तर आधी पेट्रोलचा कॉक, फिल्टर आणि कार्ब्युरेटर बघा. काळ्या काजळीने भरलेला प्लग चोक अडकल्याचं किंवा एअर फिल्टर वाळूने बसल्याचं सांगतो.

या इंजिनांना साधारणपणे एनजीकेचा सी७एचएसए किंवा त्याच्या जोडीचा ए७टीसी प्लग लागतो. गॅप ०.६ ते ०.७ मि.मी. प्लग घासून घासून वापरण्यापेक्षा एक नवा कायम खिशात ठेवा. शंका आली की बदलून बघायला याहून स्वस्त पार्ट गाडीत दुसरा नाही.

ठिणगी बघायची तर प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनला घट्ट टेकवा आणि सेल्फ मारा. प्लग हातात धरू नका. सीडीआयचा झटका अंगठा झिणझिणून थांबणारा नसतो. सिलिंडरच्या उघड्या भोकात कापडाचा बोळा ठेवा, नाहीतर तिथून उडणारा पेट्रोलचा फवारा आणि ठिणगी यांची भेट होईल. आणि कॅप हवेत लटकत ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉईलच्या किंवा सीडीआयच्या पोटातून वाट काढते.

निळी, कडक, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, मध्येच चुकणारी ठिणगी म्हणजे कुठेतरी गळती आहे. पण उघड्यावर दिसणारी ठिणगी थोडी फसवी असते: सिलिंडरमध्ये दाबाखाली तिला उडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून स्पार्क टेस्टर ६-७ मि.मी.वर लावून बघणं चांगलं. तिथे ठिणगी उडी मारत असेल तर कॉईल तंदुरुस्त समजा.

कडक ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी पकडत नाही? मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन तपासा. टॅपेट फार घट्ट बसले की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत आणि ही इंजिनं रुसून बसतात. चालू होताना उलटा झटका किंवा फटाके येत असतील तर फ्लायव्हीलची चावी, म्हणजे ती अर्धचंद्राची लोखंडी कापटी, तुटून टायमिंग सरकलं असू शकतं.

किल स्विच: सगळ्या गोंधळाचं मूळ

इथे थांबून थोडं समजून घ्या, कारण निम्मे 'करंट नाही'वाले प्रश्न इथेच सुटतात.

साध्या गाड्यांत एसी सीडीआय असतो. फ्लायव्हीलचे मॅग्नेट फिरतात, त्यामुळे मॅग्नेटोतल्या चार्जिंग कॉईलपेक्षा वेगळ्या अशा एका एक्सायटर कॉईलमध्ये एसी वीज तयार होते, ती सीडीआयमधला कपॅसिटर भरते. पिकअप कॉईलचा, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेतल्या पल्सरचा, इशारा आला की कपॅसिटर एका दमात एचटी कॉईलमध्ये, म्हणजे व्होल्ट प्रचंड वाढवणाऱ्या कॉईलमध्ये, रिकामा होतो आणि प्लगला ठिणगी मिळते. या सगळ्यात बॅटरीचा संबंध नाही. बॅटरी लागते ती फक्त इंजिन फिरवायला.

अशी गाडी बंद करायची कशी? सीडीआयची एक वायर बॉडीला टेकवून. चावी बंद केली, हँडलवरचा लाल स्विच दाबला, बाजूच्या माणसाने गाडी थांबवायला मागे लावलेली दोरी ओढली, सगळे स्विच हेच एक काम करतात: त्या वायरीला अर्थ देतात. बहुतेक गाड्यांत ती काळी-पांढरी असते.

म्हणजे एसी सीडीआयच्या गाडीत किल वायर तुटली तर गाडी बंद होणार नाही, आणि किल वायर कुठेही बॉडीला लागली तर गाडी चालू होणार नाही. खारं पाणी विजेला वाट देतं. स्विच 'ऑन'वर असला तरी त्याच्या पोटात साचलेलं खारं पाणी थोडा अर्थ देतच राहतं, आणि ठिणगी कमजोर होते किंवा नाहीशी होते.

नागावकडून येणारे फोन ऐकले की चित्र स्पष्ट होतं.

"दादा, कालपर्यंत मस्त चालली, आज प्लगला करंटच नाही. सीडीआय मागवू का?"

"काल रात्री धुतलीस का गाडी?"

"धुतली ना. प्रेशरने."

"मग सीडीआय राहू दे. मागचा दोरीचा स्विच उघडून बघ आधी."

तपासायचा क्रम असा:

१. हँडलवरचा स्विच चालूच्या बाजूला आहे आणि दोरीच्या स्विचची टोपी जागेवर बसली आहे, एवढं डोळ्यांनी बघा. हसू नका, यातच कित्येक गाड्या चालू होतात.

२. गाडीला रिमोटने बंद करायचा डबा असेल, मुलांच्या एटीव्हींना बरेचदा असतो, तर त्याचा कपलर काढा. पाणी गेलं की हा डबा गाडी कायमची बंदच समजतो.

३. तरी ठिणगी नाही, तर सीडीआयच्या कपलरमधून काळी-पांढरी वायर पिनसकट मागे ओढून बाहेर काढा आणि तिच्यावर टेप गुंडाळा. पुन्हा ठिणगी बघा.

४. ठिणगी आली, तर सीडीआय, कॉईल, मॅग्नेटो सगळं निर्दोष. आता चावी, हँडल आणि दोरी यांचे कपलर काढा, काळी-पांढरी वायर परत बसवा आणि ते कपलर एकेक करून जोडत जा. ज्याच्या जोडण्याने ठिणगी पुन्हा गायब होते तो गुन्हेगार.

तिसऱ्या पायरीवर इंजिन चालू झालं तर ते चावीने बंद होणार नाही, हे आधीच लक्षात असू द्या. सीडीआयची ती मोकळी पिन एका इन्सुलेटेड वायरीने बॉडीला टेकवली की बंद होईल. चालत्या इंजिनाची प्लग कॅप ओढू नका. आणि वायर तशीच काढून ठेवून गाडी भाड्याने देणं तर अजिबात नको. बाजूच्या माणसाला ती दोरी ओढून गाडी थांबवता येते, म्हणूनच तर ती लावलेली असते.

डीसी सीडीआयच्या गाडीत नेमकं उलट असतं. तिथे सीडीआयला बॅटरीचे १२ व्होल्ट लागतात आणि किल स्विच ते व्होल्ट तोडतो. तिथे वायर तुटली की करंट गेला. आपली गाडी कुठल्या जातीची हे कळायला सीडीआयचा कपलर काढा, चावी चालू करा, हार्नेसकडच्या पिनांवर मीटर फिरवा. एका पिनेवर १२ व्होल्ट आले तर डीसी. कुठेच नाहीत तर बहुधा एसी.

मॅग्नेटोपासून कॉईलपर्यंत मोजत जाणं

किल वायर काढूनही ठिणगी नाही, तेव्हाच मीटर घेऊन आत शिरायचं. वायरींचे रंग चिनी बनावटीच्या गाड्यांत बरेच सारखे असतात: एक्सायटरची काळी-लाल, पिकअपची निळी-पांढरी, अर्थची हिरवी, कॉईलकडे जाणारी काळी-पिवळी. पण मध्ये कुणी हात घातला असेल तर रंगांवर विसंबू नका, वायर हाताने मागोवा घेत इंजिनापर्यंत जा.

सीडीआयचा कपलर काढून हार्नेसच्या बाजूला मोजा. अर्थच्या तुलनेत:

- एक्सायटर: साधारण २०० ते ६०० ओहम. सेल्फ मारताना एसी व्होल्ट ४० च्या वर यायला हवेत.
- पिकअप: साधारण १०० ते २०० ओहम. सेल्फ मारताना ०.२ ते ०.५ व्होल्ट एसी. आकडा लहान दिसतो, पण तेवढाच असतो.
- हिरवी वायर ते इंजिन: जवळजवळ शून्य ओहम.

एक्सायटर मोजताना मीटर आधी २०० व्होल्ट एसीवर ठेवा आणि पिनांना बोटं लावू नका. सेल्फ जोरात फिरत नसेल तर हे सगळे आकडे खाली येतात, म्हणून बॅटरी भरलेली हवी.

पिकअपचे ओहम बरोबर आहेत पण व्होल्ट नाहीत, तर फ्लायव्हील आणि पिकअप यांच्यातली फट बघा. जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, अर्ध्या मि.मी.च्या आसपास, असावी. मॅग्नेटो प्लेट बदलल्यानंतर गाडी उलटे झटके द्यायला लागली असेल तर पिकअपच्या वायरी उलट लागल्या आहेत का ते तपासा. दोन वायरींच्या पिकअपमध्ये ही चूक सहज होते.

आता एचटी कॉईल. प्रायमरी एक ओहमच्या आत असते, साधारण ०.२ ते १. सेकंडरी, प्लग कॅप काढून, ३ ते ६ हजार ओहमच्या दरम्यान. कॅप वेगळी मोजा: रेझिस्टरवाली असेल तर ५ हजारांच्या आसपास. कॅप लावून मोजताना मीटर अनंत दाखवत असेल तर ती फिरवून काढा, एचटी वायरीचं टोक पाच मि.मी. कापा, ताजं तांबं उघडं करा आणि कॅप पुन्हा पिळून बसवा. निम्म्या वेळा दोष कॅपमध्ये नसतोच, वायरीच्या त्या काळ्या पडलेल्या टोकात असतो.

ओहम बरोबर म्हणजे कॉईल बरोबर, असं मात्र नाही. इन्सुलेशनला बारीक तडा असेल तर मीटरला तो कळत नाही. रात्री दिवे मालवून गाडी चालू करा, कॉईल आणि एचटी वायरीवर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा. तडा असेल तिथून निळसर ठिणग्या बॉडीकडे उडताना दिसतील.

एक्सायटर ठीक, पिकअप ठीक, अर्थ ठीक, किल वायर मोकळी, कॉईल ठीक, सीडीआय ते कॉईल वायर अखंड, आणि तरी ठिणगी नाही. आता म्हणा, सीडीआय गेला. त्याला ओहममीटरने तपासायची विश्वासाची पद्धत नाही, इतरांना निर्दोष ठरवूनच त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. नवा घेताना पिनांची संख्या आणि मांडणी दोन्ही जुळवून घ्या, आणि एसीच्या जागी डीसी घेऊ नका. कपलर बसतो म्हणून सीडीआय चालतोच असं नाही.

गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाली की चालू

हा सगळ्यात वैताग आणणारा दोष, कारण मिस्त्रीकडे नेईपर्यंत गाडी बरी झालेली असते. बंद पडल्या पडल्या पहिलं काम: पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. विजेचा काहीच संबंध नाही.

आवाज आला नाही, तर तिथेच, गरम असतानाच, ठिणगी बघा. ठिणगी नसेल तर लगेच पिकअप आणि एचटी कॉईलचे ओहम मोजा. थंड असताना दीडशे दाखवणारी पिकअप गरम झाल्यावर अनंत दाखवत असेल तर आत तार तुटली आहे. तापून पसरली की टोकं दूर होतात, थंड झाली की पुन्हा टेकतात. घरी हेअर ड्रायरने शेक देऊनही हा प्रयोग करता येतो.

चार्जिंग

इंजिन चालू, मध्यम रेस, मीटर बॅटरीवर. १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १२.५ च्या खालीच घुटमळत असेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (मॅग्नेटोची वीज बॅटरीजोगी करणारा डबा) बिघडला. अशा गाडीचे बल्ब सारखे उडतात आणि बॅटरी फुगते.

चार्जिंग नसेल तर मॅग्नेटोकडून रेग्युलेटरला येणाऱ्या वायरींचा कपलर काढा. तीन पिवळ्या असतील तर दोन-दोनच्या जोड्या करून एसी व्होल्ट मोजा. रेस वाढवली की तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे वाढले पाहिजेत. एक जोडी मागे पडली तर कॉईल जळाली. इंजिन बंद करून कुठलीही पिवळी वायर ते बॉडी मोजा, तिथे जोड दिसता कामा नये. लहान गाड्यांत तीनऐवजी एक पिवळी आणि एक पांढरी असते; त्यांची एक बाजू बॉडीलाच जोडलेली असू शकते, त्यामुळे हा शेवटचा नियम त्यांना लावू नका. कॉईल ठीक, तर रेग्युलेटरचा अर्थ बघा, आणि मग रेग्युलेटर.

एलईडीची मोठी पट्टी, हॉर्न आणि गाण्याचा स्पीकर लावून बॅटरी का टिकत नाही असं विचारणाऱ्यांना उत्तर याच मीटरवर मिळतं. सगळं चालू करा आणि आकडा किती खाली येतो ते बघा.

मोठ्या, इंजेक्शनच्या गाड्या

इथे बॅटरी हीच पहिली संशयित. व्होल्ट कमी पडले की ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) भलतेच बिघाडाचे कोड दाखवतो, म्हणून बॅटरी साडेबाराच्या वर आणि अर्थ घट्ट केल्याशिवाय कुठल्याही कोडवर विश्वास ठेवू नका. चावी चालू केल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते का बघा. गाडी उलटली असेल तर टिल्ट सेन्सरने इंजिन तोडलेलं असू शकतं. सरळ उभी करून चावी बंद-चालू करा. आणि रिव्हर्समध्ये गाडी फडफडते, रेस घेत नाही, ही तक्रार बरेचदा दोषच नसतो. रिव्हर्समध्ये वेग मर्यादित ठेवलेला असतो, त्यासाठी हँडलवर वेगळं ओव्हरराइड बटण असतं.

खाऱ्या हवेतली दुरुस्ती

तुटलेली वायर पिळून टेप मारली तर किनाऱ्यावर ती काही महिनेही टिकत नाही. मीठ टेपखालून शिरतं आणि तांब्यातून वर चढत जातं. वायर सोलून बघा: चकचकीत तांब्याऐवजी काळपट-हिरवी पूड दिसली तर लालसर तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, कधी कधी वीतभर. काळ्या तांब्याला कथील धरत नाही, कितीही सोल्डर ओता. मग नवा तुकडा जोडून सोल्डर करा आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा.

कपलर एकेक उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वाळू द्या, कडांना डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवून बंद करा. गाडी रोज गोड्या पाण्याने जरूर धुवा, पण बादली किंवा साध्या नळीने. प्रेशर वॉशरचा झोत स्विचवर, कपलरवर आणि मॅग्नेटो कव्हरवर मारला की पाणी रबरी सीलच्याही आत जातं.

पावसाळ्यात धंदा बंद असतो तेव्हा बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. गाडीवर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. सीझन सुरू करताना बॅटरी जोडण्याआधी हँडलवरचा स्विच, दोरीचा स्विच आणि सीडीआयचा कपलर उघडून बघा. उंदरांनी सीटखाली घरटं केलं असेल तर हार्नेसही कुरतडलेला असतो, तेव्हा मेन फ्यूज काढून त्याच्या जागी टेस्ट लॅम्प लावा आणि चावी बंदच ठेवून बॅटरी जोडा. लॅम्प झगझगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत फ्यूज बसवू नका.